दाजींचा न उघडलेला डबा

"दत्ता, ह्यास्नी घेऊन दवाखान्याला निघालतो... वाटंतच गेलं रं," अक्का फोनवर म्हणाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि गेले ते तिचे यजमान, राधानगरीकडचे आमचे दाजी. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्याला आता दीड महिना झाला.

दाजींचे थोरले भाऊही असेच गेले होते. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही सत्तरीला आलात, बिडी ओढता, सख्ख्या भावाला हा आजार होता. पोटाची सोनोग्राफी करून घ्या, फुगवटा वेळेवर दिसला तर इलाज आहे. दाजींचा आवाज बांधावरून पलीकडच्या शिवारात जायचा. "दुखतच न्हाय, तर दावायचं काय?" म्हणून त्यांनी सगळ्यांना उडवून लावलं. मी सहा महिने पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं एका सकाळी पहिल्या एसटीनं ते कसबा बावड्यात माझ्या दारात उतरले. उपाशीपोटी बोलावलं होतं, म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. पिशवीत अक्कानं तपासणीनंतर खायला डबा दिलेला.

आणि मी काय केलं, तर कोपऱ्यावरनं मिसळ आणली. "आरं, उपाशी या म्हणल्यात की," दाजी म्हणाले. "बहिणीचं मालक माझ्या घरातनं उपाशी जाणार व्हय? एका प्लेटीनं काय हुतंय?" मी हट्टाला पेटलो. त्यांनी माझं मन मोडलं नाही. वर दोन वेळा कट मागून घेतला... आणि मी खूश.

सोनोग्राफीच्या टेबलावर डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय?" दाजींनी माझ्याकडं बघितलं. नंबर जाईल, चारचौघांत बोलणी बसतील, एवढ्याच भीतीनं मी म्हणालो, "न्हाय, उपाशी हायत." जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी मास्तर. डॉक्टर बराच वेळ यंत्र फिरवत राहिले. म्हणाले, "गॅस फार आहे, मोठी रक्तवाहिनी नीट दिसत नाही. आठ दिवसांनी परत आणा." मी मान हलवली. अक्काला फोनवर सांगितलं, "काही न्हाय, नुसता गॅस हाय." पुढं भाताची लावणी आली, दाजींनी विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. काढला असता तर माझंच खोटं उघडं पडलं असतं.

दाजी गेले त्या दिवशी शेतातच त्यांच्या पोटात आणि पाठीत कळ आली. अक्कानं ओवा दिला, पोट शेकलं. दोन तास गॅसच समजून बसली, कारण तसं मीच सांगितलं होतं. दिवसकार्याला ती माझा हात धरून म्हणाली, "तू तपासून तरी आणलास, बाबा. आमच्याकडनं हयगय झाली न्हाय." मी हात सोडवून घेतला आणि पंगतीत वाढायला उठलो. लाज वाटते म्हणणंसुद्धा कमीच आहे.

अक्कानं दिलेला तो डबा तपासणीच्या दिवशी आमच्याकडंच राहिला. मिसळीनं दाजींचं पोट भरलेलं, त्यांनी तो उघडलाच नाही. भाकरी, लोणी आणि मिरचीचा खर्डा होता. संध्याकाळी आम्हीच खाल्ला. झाकणावर अक्काचं नाव कोरलेलं आहे. हे लिहिलेलं छापून यायच्या आधी मी राधानगरीची एसटी धरणार आहे. डबा तिच्या हातात द्यायचा आहे, आणि दाजींनी त्यातलं का खाल्लं नाही, ते तिच्यासमोर बसून सांगायचं आहे.