पाणी दाखवणारा ट्रायलोबाइट

मी धाराशिवच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, त्या काळात आमच्या जिल्ह्यात दोनच पिकं जोमात होती: दुष्काळ आणि चेअरमन.

प्रयोगशाळेच्या कपाटात मानाची वस्तू एकच. रेडलिकिया जातीच्या ट्रायलोबाइटचा जीवाश्म. हिमालयातल्या दगडातून निघालेला, तळहाताएवढा, अंगावर ओळीनं वळ्या. पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी सरपटणारा हा जीव कधीच नामशेष झाला होता. आमच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात असलं काही सापडत नाही, म्हणून मी त्याला फार जपायचो.

आमचं गाव बेंबळीच्या बाजूला. तिथल्या सोसायटीनं गावासाठी विहीर मंजूर करून आणली. आमची बौद्ध वस्ती ओढ्याकाठी. ओढा कोरडा पडला तरी आईनं वाळूत उकरलेल्या झिऱ्यात पाणी पाझरायचं, आणि ती वाटीवाटीनं घागर भरत बसायची. विहीर तिथंच व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं. सोसायटीच्या चेअरमनना ती स्वतःच्या उसाच्या बांधावर हवी होती, पण तसं उघड बोलायला ते काही अडाणी नव्हते.

रीतीप्रमाणे पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला. नारळ उभा राहील तिथं पाणी, हा आमच्याकडचा नेम. नारळ उभा राहिला नेमका आईच्या झिऱ्यापाशी. त्याबरोबर चेअरमनना विज्ञानाची आठवण झाली. नारळ म्हणजे अंधश्रद्धा, असं त्यांनी जाहीर केलं. कॉलेजच्या संचालक मंडळावर ते होतेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडं कपाटाची किल्ली मागितली.

हा जीव मेलेला आहे, त्याचा दगड झालाय, शिवाय त्याचं पाणी खारं होतं, असं मी सांगून पाहिलं.

"मास्तर, एवढं जुनं जनावर हाय म्हनल्यावर त्याला पाण्याची वळख आसनारच की," ते म्हणाले.

मग रेडलिकियाला हळदकुंकू वाहिलं. पाणाड्यानं त्याला तळहातावर घेतलं, मागोमाग चेअरमन. उसाच्या बांधावर येताच पाणाड्याचा हात थरथरला आणि विज्ञान सिद्ध झालं. मला अतोनात राग आला होता, पण नोकरी कपाटाच्या आतली आणि किल्ली त्यांच्याकडं.

खोदताना काळा पाषाण लागला. सुरुंग लावले, खाली आणखी काळा पाषाण. पाणी लागलं नाही. चेअरमननी जीवाश्म टॉवेलात गुंडाळून परत आणला आणि मी आजारी बैल त्यांच्या गळ्यात मारल्यासारखं माझ्याकडं बघितलं. तुमचा किडा कामाचा नाही, म्हणाले. वळ्यांतलं कुंकू काही निघालं नाही. पुढं मुलं आकृतीत तिथं इमानदारीनं तांबडा रंग भरायची.

झिऱ्यावर वाकून वाकून आईची कंबर धरली, तेव्हा तिला दवाखान्यात दाखवायला धाराशिवला आणलं. जाता जाता तिला कपाट दाखवलं. तिनं त्या वळ्यांवरून बोट फिरवलं.

"ह्या दगडाला इचारलं," ती म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाय."