काट्यावर भरवसा ठेवणारे व्याही

मोटारसायकलच्या मीटरमधल्या काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे. बाकी जिल्ह्याचं मीटरवाचून काही अडत नाही. आमच्या घाटनांदुरात तर नवी गाडी आली की मीटरला हळदकुंकू लागतं आणि केबल तुटली की ती गाडीच्या जन्मभर तशीच लोंबत राहते. व्याह्यांना ती लोंबती केबल बघवत नाही. कुणाच्याही लग्नाला गेले तरी मांडवाबाहेरच्या गाड्यांमधून डॉक्टरानं वॉर्डातून फिरावं तसे फिरतात, एखादीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसतात आणि अक्षता पडून गेल्यावर काळ्या हातांनी जेवायला येतात. एकदा दहाव्याला गेले, तर मयताच्या मुलाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वडील गेले, लई वाईट झालं. पण त्येंच्या गाडीची केबल कोरडी पडलीय बरं का."

ते बीडच्या कोर्टात बेलीफ होते. गावोगाव समन्स पोचवायचे. त्यांच्या आधी त्यांच्या मीटरची चिरचिर गावात शिरायची आणि ज्याच्या नावानं कागद असे तो मागच्या दारानं ज्वारीत पसार व्हायचा. तेव्हापासून त्यांनी त्या आवाजाचा पिच्छा पुरवला. आवाज वरचा का खालचा हे आधी ओळखायचं, हे त्यांचं पहिलं सूत्र: केबल मीटरपासून सोडून चाक फिरवायचं, आवाज थांबला तर दुखणं मीटरात, राहिला तर खाली. मग आतली तार ओढून काढायची, रॉकेलनं पुसायची, ग्रीस लावायचं तेही बेतानं आणि वरचं टोक कोरडं ठेवून, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरात जातं. मीटरच्या मानेत मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. ह्या थेंबापायी ते आमच्याकडे आले की लेकीची खुशाली सांगायच्या आधी माझ्या मशीनचा खण उघडायचे.

पण ह्या मीटरवेडाचं खरं कारण चिरचिर नव्हे, त्यांची बायको, म्हणजे आमच्या विहीणबाई. त्या वेगाला भितात. काटा चाळिसाच्या खाली असेल तरच मागं बसणार, ही त्यांची लग्नापासूनची अट. बसल्या की नवऱ्याच्या खांद्यावरून मान काढून डोळे काट्यावर. काटा वीस ते ऐंशी असा नाचायला लागला की भर मांजरसुंब्याच्या घाटात उतरायच्या आणि एसटीला हात करायच्या. मग एसटीत बाई आणि मागून रिकाम्या गाडीवर बेलीफसाहेब, अशी वरात बीडला पोचायची. काटा बिघडला की बायको उतरते, एवढं ते सरळ होतं.

मी ह्यावर फार हसायची. तेव्हा मी म्हणजे कोण? घाटनांदुरात गॉगल लावून मोटारसायकलवर मागं बसणारी पहिली बाई, असा माझा समज होता. ह्यांच्या मागं बसून आपण अंबाजोगाईला ऐंशीनं जातो, हे मी गिरणीत, विहिरीवर, हळदीकुंकवात, न विचारता सांगे. काटाच ऐंशीवर असायचा. सोयरीक झाल्यावर व्याह्यांनी आमचं मीटर खोललं, आतली केसासारखी स्प्रिंग जागेवर बसवली आणि आम्हा दोघांना चक्कर मारायला पाठवलं. ह्यांनी मूठ पार पिळली. काटा बेचाळिसाच्या वर जाईना. मी तणतणत परत आले.

"इवाई, तुमी आमची गाडी बिघडवली."

"गाडी तीच हाय, ईनबाई. वारं तुमच्या पदरात जास्त होतं."

नातवाच्या बारशाला दोघं आली तेव्हा कडाक्याची थंडी होती. त्यांचं मीटर पुन्हा किरकिरत होतं आणि माझं मशीनचं तेल संपलं होतं. व्याही पाहुण्यांत अडकलेले बघून मी म्हटलं, त्यात काय एवढं? त्यांनी केबल सोडून ठेवलीच होती. मी खोबरेल तेल चुलीपाशी पातळ केलं आणि मीटरच्या मानेत घातलं. माझ्या केसांना चालतं ते मीटरला का चालू नये, हा माझा विचार, आणि थेंबात काय कंजुषी करायची म्हणून चांगलं चमचाभर. केबल जोडून चाक फिरवलं, आवाज बंद. मी स्वतःवर खूष.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती दोघं बीडला निघाली. थंडीत तेल थिजलं. काटा जड अंगानं तिसापर्यंत चढला आणि तिथंच बैठक मारून बसला. विहीणबाईंनी तीस बघितले, नवऱ्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि जन्मात पहिल्यांदा गाडीवर झोपल्या, त्या थेट बीडला जाग्या झाल्या. व्याह्यांचा फोन आला.

"ईनबाई, पुढचे टरक मागं पडत हुते आन काटा तिसावर. आत्ता खोललं. खोबऱ्याचा वास येतोय. तुमीच ना?"

"मीच. पन कावून खोललं तुमी? झोपल्या ना त्या सुखानं? ऱ्हाऊ द्यायचं तसंच."

व्याही म्हणाले, "आन ती कशाच्या भरवशावर झोपली, ईनबाई?"

मी फोन ठेवला आणि खोबरेलाची बाटली फडताळात पार मागं सारली. त्यांनी बायकोलाही सगळं सांगितलं. बाई पुढं कितीतरी दिवस एसटीनं हिंडल्या.

आता विहीणबाईंची नजर गेली आहे. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. परवा मी लेकीकडे बीडला गेले, तर व्याही ओट्यावर मीटर मांडीवर घेऊन बसलेले. भिंगातून बघत होते, स्वतःच्या हातावर रागावत होते.

मी म्हटलं, "त्यांना दिसत न्हाई आता, इवाई. हा कुटाणा कुनासाठी?"

"आदी ती बघायची," त्यांनी मीटरमध्ये हलकेच फुंकर घातली. "आता इचारती."

संध्याकाळी दोघं भाजी आणायला निघाली. विहीणबाईंनी चाचपत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी गल्लीतून इतकी सावकाश चालली होती, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढं गेला.

"किती हाय वो?" विहीणबाईंनी विचारलं.

काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. व्याह्यांनी गाडी आणखी हळू केली, मान पार खाली वाकवून काट्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अठरा."

बाईंनी मान डोलावली. खांद्यावर आवळलेली बोटं हळूहळू सैल झाली.