सहा देशांचा विसा आणि माझी पाचवी प्रत

मी बहरीन सोडून घरी आलो त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. पुन्हा जाईन असं वाटलं नव्हतं. पण पावसाळा संपता संपता आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मेसेज आला: आखातातल्या सहा देशांनी एकत्र बसून ठरवलंय, आता विसा एकच, त्यावर सहाही देश फिरा. मी तो चार वेळा वाचला. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचला आणि आमच्या हिला म्हटलं, "सुलू, मी अबू हमदला भेटून येतो."

"सौदीत? त्या मेसेजवर विसंबून?" ती म्हणाली. "याच गटावर मागे हळदीनं मोतीबिंदू विरघळतो म्हणून आलं होतं."

अबू हमद कोण, ते आधी सांगतो, म्हणजे ही धावपळ कशासाठी ते कळेल. मी सातवी नापास. बहरीनमधल्या सलमाबादच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं ट्रेलर चालवला. सौदीच्या दम्माम बंदरात उतरलेला माल उचलायचा आणि समुद्रावरच्या लांब पुलावरून बहरीनला आणायचा. पुलाच्या मधोमध भराव टाकून केलेलं बेट आहे, सरहद्द तिथेच. अबू हमद त्या बेटावर सौदीच्या बाजूच्या जकातीच्या खिडकीत बसायचा. रांगेत कधी दोन दोन दिवस जायचे. तो खिडकी बंद झाली की माझ्या ट्रेलरपाशी यायचा, मी गाडीच्या पेटीतला स्टोव्ह काढून चहा करायचो. अशी मैत्री.

आणि मी बहरीन कायमचं सोडलं ते त्याला न सांगता. कंपनीने अचानक तिकीट हातात दिलं, त्या आठवड्यात पुलावरची फेरी नव्हती, आणि त्याचा नंबर गाडीत चिकटवलेला. गाडी दुसऱ्याकडे गेली. पुढे राजापूरच्या एका ड्रायव्हरकडून माझा नंबर मिळवून त्यानेच आवाजी मेसेज पाठवला, "दत्ता, बोले बिना गया?" मी फोनवर कितीदा माफी मागितली. त्याचं उत्तर एकच. "मुँह के सामने आ के बोल." आता त्याला आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जावं लागतं. म्हणून मला घाई होती.

मुलगा महेश बहरीनमध्येच अकाउंटंट आहे. त्याने माझा बहरीनचा विसा काढला. सौदीचा बेत मी त्याला सांगितला नाही, नाही म्हणेल म्हणून. मुंबईहून चार तासांचं विमान. ज्यांना जायचंय त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं, हवा आपल्या दापोलीसारखी असते. पातळ स्वेटर ठेवा. विमानतळावर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात, ते कागद वरच्या खिशात ठेवा. मी दर दहा मिनिटांनी खिसा चाचपत होतो. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, "काका, छातीत दुखतंय का?"

महेशचं घर नईम भागात आहे. मनामा शहराचा हा जुना भाग, अरुंद गल्ल्या, खाली शिंप्यांची नि न्हाव्यांची दुकानं, वर वाळत घातलेले कपडे. कोपऱ्यावरच्या भट्टीत तंदुरीसारखी मोठी रोटी मिळते, खुबूस म्हणतात. तीन-चार खुबूस आणि वाटीभर डाळ, दोघांचा नाश्ता होतो. पहिल्या सकाळी तिचा वास आला आणि मला एकदम माझी चौघांची खोली आठवली. तिथे खुबूस गुरुवारी घेऊन शनिवारपर्यंत पुरवायचो.

जेवताना मी सहज म्हटल्यासारखं केलं, "महेश, दोन दिवसांनी अबू हमदकडे, खोबरला जाऊन येतो. पुलापलीकडे लगेच तर आहे."

त्याने घास खाली ठेवला. "बाबा, कसल्या विसावर?"

मी मेसेज दाखवला. नात इरा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत. तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "आजोबा, इट्स अप्रूव्ह्ड. बट नॉट स्टार्टेड."

दुसऱ्या कोणाला यातला फरक समजवावा लागला असता, मला नाही. बावीस वर्षं मी त्या फरकातच ट्रेलर उभा केला होता. सहा देशांचे राजे, अमीर दर वर्षाअखेर एकत्र बसतात, एका वर्षी या देशात, पुढच्या वर्षी त्या. महत्त्वाच्या गोष्टीला सहाही जणांचं हो लागतं. एकाने नाही म्हटलं की विषय पुढे जातो. हो झालं की बातम्यांत सहा झेंडे, गालाला गाल लावून भेटी. मग मंत्री, मग समित्या, मग प्रत्येक देशाचा आपापला हुकूम. आणि सर्वांत शेवटी तो नियम पुलावरच्या खिडकीत पोहोचायचा, तेव्हा कुठे माझा ट्रेलर हलायचा.

महेशला तिथला रहिवासी म्हणून सौदीचा विसा घरबसल्या मिळतो. मला, पाहुण्याला, नाही. शिवाय माझा विसा एकदाच आत येण्याचा. पूल ओलांडला की बहरीनमध्ये परत येणंही बंद. तुम्हीही आपला विसा एकदाचा आहे की अनेकदाचा, हे तिकीट काढण्याआधी नीट वाचून घ्या.

"आधी सांगितलं असतंत तर?" महेश चिडला होता.

"तू येऊ दिलं नसतंस."

सून स्नेहा, जी माझ्या वहीच्या पानांचे फोटो बघून हे सगळं टाइप करते, तेवढ्यात बॅग लावताना फाइल घेऊन आली. "बाबा, पासपोर्टच्या पाच झेरॉक्स? तिकिटाच्या पण पाच?"

जुनी सवय. एक प्रत या बाजूला, एक त्या बाजूला, एक बंदराला, एक कंपनीला, पाचवी ड्रायव्हरकडे, चौघांपैकी कोणी हरवली तर. पुढे नियम बदलले, पाचाच्या तीन झाल्या. सहा देशांचा तो संघ काय करतोय हे आम्हा ड्रायव्हरांना कागदांच्या प्रती मोजून कळायचं. पण मी पाचच काढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी महेश कामावर गेल्यावर मी टॅक्सी करून सलमाबादला गेलो. टॅक्सीपेक्षा बस स्वस्त, पण दोन बदलाव्या लागतात आणि मला चुकीच्या थांब्यावर उतरण्याची भीती. आमच्या कंपनीच्या जागी आता टायरचं गोदाम आहे. पत्र्याची वर्कशॉपं, कामगारांच्या खोल्या, दोरीवर वाळणाऱ्या कामाच्या निळ्या डांगऱ्या मात्र तशाच. टपरीवर करक चहा घेतला, वेलची घातलेला, घट्ट. बाजूला एक तरुण ड्रायव्हर बसला होता. निघाला संगमेश्वरचा.

"आता कागद मफी, काका," तो म्हणाला. मफी म्हणजे नाही. "सगळं मोबाइलवर. गाडी पुलावर पोचायच्या आधीच क्लियर."

"आणि रांग?"

"रांग आहेच की. ती कुठे जाते?"

आम्ही दोघेही हसलो. पण मग मला कांद्याची गोष्ट आठवली आणि त्याला सांगितली.

तेव्हा नवा नियम आला होता. सहा देशांत जकात एकदाच, माल पहिल्या बंदरात उतरेल तिथे. माझ्या गाडीत नाशिकचा कांदा. दम्मामला जकात भरलेली, पावती माझ्या हातात. पण बेटावर पलीकडच्या खिडकीतला माणूस म्हणाला, असा कागद आमच्याकडे अजून आलेला नाही, पुन्हा भरा. जून महिना. तीन दिवस उभा होतो. कांद्याला कोंब आले आणि वास सुटला. माल सडला तर माझ्या नोकरीचं काय, या काळजीने मी चहासुद्धा करेना. तिसऱ्या दुपारी अबू हमद आपल्या खिडकीतून उठला. नियमाचं परिपत्रक हातात घेतलं आणि मला म्हणाला, "यल्ला, चल." त्या उन्हात तो बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, पांढरा झगा पाठीला चिकटलेला, मी मागे. तिकडच्या साहेबासमोर कागद ठेवला आणि इतकंच बोलला की यावर तुमच्याही राजाची सही आहे. अर्ध्या तासात गाडी सुटली. जाताना त्याने एक कोंब आलेला कांदा मागून घेतला. घरी लावतो म्हणाला.

"आता असा माणूस भेटणार नाही, काका," तो पोरगा म्हणाला. "आता ॲपला विचारायचं."

शुक्रवारी सगळे झल्लाकला गेलो. पश्चिम किनारा, मोठी हॉटेलं, स्वच्छ वाळू. हॉटेलच्या किनाऱ्याला पैसे पडतात, घरून डबा न्यायचा असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. इरा पाण्यात. मी मात्र उत्तरेकडे बघत होतो, पूल त्या बाजूला. विसा नाही हे अबू हमदला अजून कळवलं नव्हतं. त्याच्या घरी माझ्यासाठी बकरा सांगून ठेवलेला. पुन्हा एकदा आलो नाही असं होणार होतं, तेही इतक्या जवळ येऊन. शेवटी फोन तोंडाजवळ धरून सांगून टाकलं. विसा मफी. मेसेज झूठ. माफ करो.

उत्तर यायला तास लागला. तेवढ्या वेळात मी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे तीनदा स्नेहाला विचारलं. मग त्याचा आवाज आला, बारीक झालेला. "दत्ता, मजनून. आधा पूल तू आ, आधा पूल मैं." मजनून म्हणजे वेडा.

त्या देशांचे नागरिक एकमेकांकडे नुसत्या ओळखपत्रावर जाऊ शकतात, पासपोर्टही लागत नाही. तो सरहद्द ओलांडून बेटाच्या बहरीनकडच्या भागात येणार होता. तिथवर बहरीनहून गेलं तर पासपोर्टची खिडकी आड येत नाही. टोल भरायचा, चहा प्यायचा, वळून परत. आम्हाला कोणी अडवलं नाही, पण नियम बदलत असतात, तुम्ही चौकशी करून जा. माझ्या वेळी टोल दोन दिनार होता, आता वाढला आहे.

रविवार तिथे कामाचा दिवस, महेशने सुट्टी टाकली. दुपारी साडेतीनला आम्ही बेटावर पोहोचलो. मी फाइल मांडीवर धरून बसलेलो. चार वाजले. साडेचार. मी महेशला म्हटलं, तब्येत बिघडली असेल. मग म्हटलं, तोही न सांगता गेला तर? महेशने माझ्या हातातली फाइल घेऊन बाजूला ठेवली.

पावणेपाचला एक पांढरी गाडी थांबली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो उतरला. अर्धा राहिला होता. मला बघून पहिलं वाक्य, "इतना बुढ्ढा कैसे हो गया?"

"माफ करो, अबू हमद," मी म्हटलं. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, तेवढंच निघालं. "बोले बिना गया."

त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, "पंद्रह साल से केस पेंडिंग था. आज क्लियर. खलास."

आम्ही चहा घेतला. त्याला अर्धाच कप, पाणी मोजून प्यावं लागतं. मी आणलेले काजू त्याच्या मुलाकडे दिले. स्नेहाने बजावलं होतं, डायलिसिसच्या माणसाला देऊ नका. कांदा उगवला का, मी विचारलं. "उगा. बकरी खा गई." मग त्याचं लक्ष फाइलकडे गेलं. उघडून पाच झेरॉक्स मोजल्या आणि खोकला येईपर्यंत हसला. "अभी भी पाँच?"

त्याने पासपोर्टची पाचवी प्रत काढली, उलटी केली, महेशकडे पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर अरबीत सावकाश दोन ओळी लिहिल्या. खाली सही केली. शिक्का नव्हता. त्याने चहाचा ओला कप उचलून सहीवर ठेवला. कागदावर गोल डाग उमटला.

"छह मुल्क का विसा," तो म्हणाला. "असली आने तक ये चलेगा."

"किसको दिखाऊँ?"

"किसी को मत दिखा. पकड़ेगा!"

दुसऱ्या दिवशी त्याचं डायलिसिस होतं, त्यामुळे उजेड असतानाच तो निघाला. या वेळी नीट निरोप घेतला, दोनदा. गाडी खिडकीपाशी गेली, मुलाने ओळखपत्रं दाखवली, दांडा वर झाला. इतकंच. त्या जागी मी बावीस वर्षांत किती तास उभा राहिलो असेन! मला हेवा वाटला नाही. वाटलं, यांच्यापुरता तरी हा नियम खिडकीपर्यंत पोचला.

परत येऊन आता महिना झाला. लोक विचारतात, काय आणलंत? बहरीनी हलवा आणला होता, तो संपला. अबू हमदचे मेसेज येतात, कधी चार दिवस येत नाहीत, तेव्हा मी फोन हातातून सोडत नाही. सुलू म्हणते, आता झाली ना भेट, मग कसली काळजी? तिला काय सांगणार.

तो कागद काय आहे हे मला माहीत नव्हतं. मला अरबी आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत. परवा मोहल्ल्यातल्या हसनभाईंकडे नेला, ते कुवेतला होते. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

"लिहिलंय, या माणसाला थांबवू नका. हा एकदा न सांगता गेला होता, पण सांगायला परत आला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने लांज्याला गेलो आणि त्या कागदाच्या चार झेरॉक्स काढल्या. मूळ धरून पाच झाल्या. झेरॉक्समध्ये चहाचा डाग काळा उमटलाय, अगदी शिक्क्यासारखा.