लाभ म्हणजे एक

मी वर्गाच्या दारात पोचले तेव्हा संस्थेचे सर प्राचीचं दप्तर टेबलावर रिकामं करत होते. डबा, कंपास, दोन वह्या, कागदात गुंडाळलेली पेरूची फोड. प्राची बाजूला हात बांधून उभी. बाकीची मुलं भिंतीला लागून.

"काकू, एकशे वीस रुपये शॉर्ट आहेत," सर म्हणाले. "आणि पेटी हिच्याकडे होती."

मी मुलांसाठी वडापाव आणायला खाली गेले होते. तेवढ्यात हे.

आता मी कोण, ते सांगते. माझी उमेदीची सगळी वर्षं पनवेलच्या बाजारात पिग्मी गोळा करण्यात गेली. पिग्मी म्हणजे दुकानदाराकडून रोज थोडी थोडी रक्कम घ्यायची, पावती द्यायची आणि संध्याकाळी पतपेढीत भरायची. शिक्षण म्हणाल तर दहावीला गणितातच नापास झाले. पण लोक ओली नोट गल्ल्यातून काढून न मोजता माझ्या हातात द्यायचे, हे माझं सर्टिफिकेट. रिटायर झाल्यावर नवीन पनवेलमधल्या एका संस्थेनं विचारलं, मुलांना पैशाचा व्यवहार शिकवाल का? मी हो म्हटलं. घरी बसून करणार काय?

मुलांपुढे अडचण वेगळीच निघाली. त्यांनी पैसा पाहिलेलाच नव्हता. आई फोन धरते, टुंग वाजतं, चिप्स मिळतात. सुटे म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मग मी इंग्रजांच्या काळात गेले. पुठ्ठ्याची नाणी कापली. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. दहा-दहाची सवय असलेल्या डोक्याला सोळाचा हिशेब चढेना. पण त्यामुळेच मुलं थांबून मोजायला लागली. मला तेच हवं होतं.

आणि मीठ घेतलं. आमच्या पनवेल-उरणची अर्धी गावं मिठागरावर जगलेली. मुलांना सांगितलं, मीठ पिकवायचं आपल्या पणज्यांनी आणि त्यावर कर बसवायचा सरकारनं. कर भरल्याशिवाय मीठ आगराबाहेर न्यायचं नाही. दाराशी पहारेकरी. घरी निघालेल्या बाईनं चिमूटभर मीठ पदराला बांधलं असेल, तर तीही चोर. म्हणून झडती. मुलं गप्प होऊन ऐकायची. कुणी कुणावर भरवसा ठेवायचा आणि कुणी ठेवायचाच नाही, हे त्यांना पुस्तकापेक्षा इथं लवकर कळलं.

प्राची कोन गावची. आगरी घरची पोर. तिचा पणजा मिठागरावर मापारी होता, म्हणजे मीठ मापून देणारा. ही गोष्ट तिनंच वर्गात सांगितली. उठून उभी राहिली आणि माप कसं मोजतात ते दाखवलं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. तिचा आजा अजून घरचं भात असंच मोजतो. अरहान नावाचा मुलगा म्हणाला, त्याचे चाचा दुकानात 'बरकत' म्हणतात. वर्गाला ते फार आवडलं. दोन दिवस पोरं पायऱ्यासुद्धा 'लाभ' पासून मोजत होती.

म्हणून पेटी प्राचीकडे. मुलांनीच हात वर करून निवडली. संस्थेचा वार्षिक मेळावा होता. मुलांनी मिठाच्या पुड्या भरल्या, दहा रुपयाला एक. स्कॅनर नाही, फक्त रोख. प्राची पुड्या मोजून खोक्यात टाकायची आणि रिद्धी आकडा लिहायची. रिद्धी सेक्टरमधल्या सोसायटीतली, गणितात पहिली. बारा खोकी भरली. एकूण एक पुडी विकली गेली. आणि आता पेटीत एकशे वीस कमी.

मी सरांना म्हटलं, आधी ते दप्तर भरा. सर भले माणूस आहेत, पण त्या दिवशी ट्रस्टी खालीच बसले होते. ते म्हणाले, "काकू, भावनेचा प्रश्न नाही. ट्रान्सपरन्सी पाहिजे."

तेव्हा अरहान भिंतीकडून हळूच बोलला. "मावशी, सर पहारेकरी झालेत का?"

त्याला चेष्टा करायची नव्हती. आमच्या वर्गात पोरं मिठागराचा खेळ खेळायची, एक जण पहारेकरी व्हायचा. त्याला खरंच वाटलं, खेळ चाललाय. सर लाल झाले. प्राचीनं मात्र त्याच क्षणी मान खाली घातली. तोवर तिची मान सरळ होती.

मी खुर्ची ओढून बसले. बाजारात एक गोष्ट शिकले होते. पैसे चोरणारा माणूस गरजेपुरतं उचलतो, नाहीतर हाताला लागेल तेवढं. बारा खोकी आणि तूट बारा पुड्यांची. खोक्यामागे नेमकी एक पुडी. इतक्या शिस्तीत चोरी होत नाही. ही मोजण्यातली चूक असते.

रिद्धीला विचारलं, एका खोक्यात किती? ती म्हणाली, एकवीस. प्राचीला विचारलं. ती खालीच बघत म्हणाली, वीस.

"मग मला मोजून दाखवा. पुड्या भरताना केलंत तसं."

पुड्या संपल्या होत्या. पुठ्ठ्याचे आणे घेतले. प्राची एकेक आणा खोक्यात टाकत गेली. लाभ, दोन, तीन. हात बरोबर चालत होता. वीसला थांबली. रिद्धीनं कागदावर लिहिलं, एकवीस.

"एक कुठून आला गं?"

"लाभाचा," रिद्धी म्हणाली. "अहेराच्या पाकिटात शंभरावर एक घालतो ना, शुभ म्हणून. तसा तो वरचा. प्राची विसरते धरायला, म्हणून मीच दर वेळी धरायचे."

मग रिद्धीला कळलं आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिनं मैत्रिणीची बाजू सांभाळायला म्हणूनच तो एक मिळवला होता. खोक्यात वीस, बारा खोकी, दोनशे चाळीस पुड्या. सरांनी रिद्धीच्या कागदावरून पंचवीसशे वीस धरले होते, पेटीत बरोबर चोवीसशे. एक रुपया इकडचा तिकडे नाही.

सर म्हणाले, "चला, क्लिअर झालं." प्राचीच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती बाजूला सरकली. तिनं दप्तर स्वतः भरलं. पेरूची फोड तेवढी टेबलावर ठेवून गेली.

पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला, मेळाव्याचा हिशेब जुळला आहे, सर्वांचे आभार. मी फोन केला. म्हटलं, त्यात एक ओळ घाला, चूक आपल्याकडून झाली. ते म्हणाले, "काकू, आता उगाच इश्यू होईल. मुलांना काय, विसरतात."

प्राची पुढच्या शनिवारी वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी रिक्षा करून कोनला गेले. तिची आजी ओट्यावर सुकट निवडत होती. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"पैशे जुलले ना? बरा झाला," ती म्हणाली. "पन पोर नाय येनार, बाय."

मी म्हटलं, आजी, तिची काही चूक नव्हती. सगळ्यांना कळलंय.

"आमाला म्हाईत हाय तिची चूक नाय. तुमाला झडती घेतल्यावर कलला." ती माझ्याकडे न बघता सुकट निवडत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

निघताना प्राची कुंपणापर्यंत आली. मग म्हणाली, "मावशी, शाळेत आता 'एक'च म्हणू ना?"

'लाभ'च म्हण म्हणावं, तर पुन्हा कुणी तिचं दप्तर उपडं करणार नाही याची हमी माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला आधी सांग, मग काहीही म्हण. तिनं मान हलवली. समजूतदार पोरं हलवतात तशी.

वर्ग चालू आहे. नवी बॅच आली, काही जुनीही मुलं आहेत. सोळा आण्यांचा हिशेब आता पटापट करतात, मलाच हरवतात. पण परवा मी विचारलं, यंदा पेटी कोण सांभाळणार? एकही हात वर झाला नाही. रिद्धी तर खिडकीबाहेर बघत बसली. शेवटी पेटी मीच घरी आणली.

मोजायला शिकवायला मला एक महिना लागतो. पेटीपासून लांब राहावं हे त्यांना एका दुपारीच कळलं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.