तळाशी चाळीस काजं

बाईंचा उजवा पाय थांबतच नसे. तीस वर्षं शिवणाचं पायमशीन चालवलेलं. जेवताना टेबलाखाली, झोपेत पांघरुणाखाली, तो आपला चालूच. सकाळी नवरा विचारी, "काय गं, किती पडदे झाले रात्रीत?"

तळ्यावर बुडी शिकणारे लोक आपले जाड रबरी सूट त्यांच्याकडेच दुरुस्तीला आणत. गुडघ्याला ठिगळ, अडकलेली चेन. न्यायला आले की सगळे एकच सांगत, "खाली गेलं ना मशीनबाई, की सगळं थांबतं." शंभरदा ऐकून झालं. मग एके दिवशी बाईंनी कात्री उचलली आणि स्वतःच्या मापाचा सूट बेतला.

वय बावन्न. त्रेपन्न झालेल्याला बुडी शिकवणारे मास्तर परीक्षेला बसू देत नसत, आणि बाईंचा वाढदिवस मंगळवारी होता. शेवटची परीक्षा त्याआधीच्या रविवारी. पाठीला हवेची टाकी बांधून गार पाण्यात आठ मीटर खाली जायचं. तळापासून हातभर वर, बारा मिनिटं तरंगत राहायचं. गाळ उठला की नापास.

बाई दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा पाय चालला. मास्तर वर येऊन म्हणाले, "बाई, तळं ढवळलंत की हो. मासे खोकत असतील."

दुसऱ्यांदा पाय थांबला. तो एरवीही एकाच वेळी थांबे, सुईत दोरा ओवताना. पण ओवताना बाई श्वासही धरत. आणि पाण्याखाली श्वास धरायचा नाही, हा तर पहिला धडा. श्वास धरून जरा वर आलं तरी फुप्फुसं फाटतात. मास्तरांनी तिथेच कपाळावर टिचकी मारून त्यांना वर आणलं.

म्हणजे पाय थांबवावा तर श्वास अडतो, श्वास सोडावा तर पाय सुटतो. बाई आठवडाभर घरभर फिरत राहिल्या. टबात बर्फ ओतून त्यात बसल्या. जाड हातमोजे घालून बर्फातली बटणं वेचली. नवरा दाराशी घड्याळ धरून उभा.

"सहा मिनिटं. अगं, ओठ निळे झालेत."

"पाय बघा. ओठ कोणी विचारलेत?"

"चाललाय. गाव गाठेल आता."

शनिवारी एका कोटाची काजं हाताने करायची होती. बाई खिडकीशी बसल्या. सुई आत, दोरा बाहेर. अर्ध्या तासाने नवऱ्याने मान वर केली. घरात काहीतरी कमी होतं. त्याने वाकून पाहिलं. पाय स्टुलाखाली मुडपून गप्प पडला होता. आणि बाई श्वास घेत होत्या, सावकाश, टाक्याटाक्याला.

"हलू नकोस," तो म्हणाला. लगेच पाय हलला.

रविवारी पाणी पाच अंशांवर होतं. मुखवट्याबाहेर उरलेल्या गालांना आधी चटका बसला, मग ते आपले वाटेनात. तळाशी मास्तर समोर, हातात दिवा. पाय सुरू होऊ पाहत होता. बाईंनी बोटं उचलली आणि नसलेल्या सुईने नसलेल्या कोटाला काज घालायला घेतलं. आत, बाहेर. गाळ जागच्या जागी. एक काज झालं, दुसरं झालं.

तिसाव्या काजाला मास्तरांनी त्यांचा दंड धरला आणि अंगठा वर केला. चला वर.

"गारठा डोक्यात गेला की माणसं अशीच हातवारे करतात," धक्क्यावर ते ओरडले. "काय करत होतात?"

"काजं."

"काय?"

"काजं हो! कोटाची! किती मिनिटं झाली?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग हवेचा काटा पाहिला. इतकी हवा बाईंच्या टाकीत कधीच उरली नव्हती, म्हणजे श्वास शांत चालला होता. "नऊ," ते म्हणाले. "पण नऊ म्हणजे बारा नव्हे. तासभर ऊब घ्या, मग पहिल्यापासून."

तो तास काही सरेना. बाई ब्लँकेटात बसल्या, उठल्या, परत बसल्या. बाकाच्या फळ्या थडथडत होत्या. नवऱ्याने आपला बूट त्यांच्या पायावर ठेवला. बुटासकट पाय चालू राहिला.

"जमेल गं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नाहीच. पण तू बस."

दुसऱ्यांदा उतरताना मास्तरांनी बजावलं, "दर मिनिटाला मी खुणेने विचारीन. शिवणं थांबवून खूण करायची. नाही केलीत तर वर."

बाईंनी तसंच केलं. काज, खूण, काज, खूण. बोटं बधिर झाली. एकतिसाव्यानंतर आकडा चुकेल असं वाटलं, चुकला नाही. चाळिसाव्याला मास्तरांनी दिवा स्वतःच्या हातावर वळवला आणि बोटांनी गोल केला. बारा.

बाईंनी खाली पाहिलं. गाळ तसाच, सुरकुतीही नाही. उजवा पाय पाण्यात नुसता लोंबत होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

त्यांनी मास्तरांना एक बोट दाखवलं. अजून एक मिनिट.