त्यांना एकदा विचारा

कॅन्सरच्या वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. घरी हाक मारायला कोणी नव्हतंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बहीण दूरच्या शहरात. जिन्यात शेजारणी भेटत, त्या बीपी मोजून घेण्यापुरत्या.

त्या वर्षी वॉर्डात एक रंगारीकाका आले. लोकांची घरं रंगवण्यात जन्म गेलेला. आल्याआल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "सिस्टर, हा हिरवा कुणी पसंत केला? धडधाकट माणूसही आडवा होईल!" ती कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

आजार यकृतापर्यंत पोचला होता. औषधानं गुण येणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, तिलाही. काकांना मात्र काही सांगायचं नाही, असं त्यांच्या लेकीनं बजावलं होतं.

"ह्या औषधानं मी बरा होणार का?" एका सकाळी काकांनी विचारलं.

"डॉक्टरांना विचारा ना, काका."

"विचारलं. प्रयत्न चालू आहेत म्हणाले. काम रखडलं की मीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचो." मग त्यांचा आवाज उतरला. "घरी जायचंय हो मला. बास झालं आता."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. शिरा काळ्या पडल्या होत्या. सुई टोचली तशी त्यांनी मान फिरवली. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या दिवशी घरी तिनं जेवण तसंच झाकून ठेवलं. बहिणीचा फोन आला, तेव्हा "बरी आहे" एवढंच म्हणाली. ज्याची सेवा करायची त्यालाच छळतेय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढच्या खेपेला औषधाची बाटली तशीच ठेवून ती डॉक्टरांकडे गेली. "काकांना नकोय हे, सर."

"लेकीला हवंय. लावा तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाही लावणार."

तशीच ती बाहेर बाकावर बसलेल्या लेकीपाशी गेली. "काकांना काय हवंय, ते त्यांना एकदा विचारा."

लेक ताडकन उठली. "तुमचे वडील असते तर?"

"तरी विचारा," सिस्टर म्हणाली.

लेक आत गेली. मग पडद्यामागून रडणं ऐकू आलं. कुणाचं, ते कळेना.

काका त्याच दुपारी घरी गेले. जाताना त्यांनी सिस्टरला हात केला. लेकीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढे काही आठवड्यांनी लेक दवाखान्याची चाकांची खुर्ची परत करायला आली. ती एकटीच आलेली पाहून सिस्टर काय ते समजली.

"फार त्रास झाला का त्यांना?"

"नाही. खिडकीशी बसायचे. मला रंगाचे डबे उघडायला लावायचे, वास घ्यायला." लेकीनं खुर्ची पुढे ढकलली. "पण आणखी थोडे राहिले असते. तुम्ही बोलला नसता तर."

"कदाचित," सिस्टर म्हणाली. याहून खरं तिला काही माहीत नव्हतं.

लेक निघून गेली. बाकीच्या नर्सेस चहाला गेल्या होत्या. त्या प्रकारानंतर तिला कुणी बोलवत नसे. डॉक्टरांची नाराजी कशाला ओढवून घ्या! तिनं खुर्ची पुसून कोपऱ्यात लावली आणि पुढच्या खाटेकडे वळली.