अवसेची सहल
नवं कॅलेंडर भिंतीला लावलं की माझा हात आधी मे महिन्याच्या पानावर, अमावास्येच्या काळ्या ठिपक्याकडे जातो. एका मेमध्ये आम्ही खारघरच्या सोसायटीतले अकरा जण उरणकडच्या वाळूच्या लांब पट्टीवर चालायला गेलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, ना रस्ता ना टपरी, ओल्या वाळूवर फक्त खेकड्यांनी मांडलेल्या गोळ्यांची नक्षी. नुकतेच रिटायर झालेले बाबा पुढारी होते आणि त्यांनी टाइप केलेलं वेळापत्रक प्रत्येकाच्या हातात होतं: सातला निघणे, नऊला नाश्ता, अकराला परतणे. त्यांनी रविवार बघितला होता, तिथी बघितली नव्हती. परतताना पट्टीचा मधला सखल भाग भरतीच्या पाण्याखाली गेलेला दिसला. बाबा पँट दुमडून तसेच आत शिरले आणि मांडीभर पाण्यात डगमगले. सुरूच्या सावलीत शिंपल्या निवडत बसलेली एक कोळीण उठली, पाण्यात गेली आणि मनगट धरून त्यांना बाहेर घेऊन आली. "आज अवस हाय, दादा. पानी उतरंपर्यंत बसायचं." बाबांनी घड्याळ पुढे केलं, "किती वाजता उतरेल?" "ते पान्याला इचारा," ती म्हणाली. पुढचे चार तास बाबा तिच्या शेजारी बसून होते, तिने दिलेली तांदळाची भाकरी खात, वेळापत्रकाने वारा घेत. त्यांना इतका वेळ नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा आम्ही तिकडे गेलो नाही, पण बाबा दरवर्षी त्या काळ्या ठिपक्याशेजारी पेन्सिलीने 'बसणे' असं लिहून ठेवायचे. यंदा ते मी लिहिलं.